वडकाराच्या कोंबड्यांचं रक्त

तुळसावयनीच्या कबऱ्या कोंबडीने त्या हंगामात जी पिल्लं काढली, त्यांतलं एक उलटं चालायचं. दाणे टाकले की बाकीची पुढे धावत, आणि हे दाण्यांकडे बघत बघत मागे सरकत जाई, ते अंगणाच्या पायरीवरून धपकन खाली पडे. आधीच्या खेपेची एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी होती, ती कोंबड्यासारखी आरवायची, तेही तिन्हीसांजेला. आणि उरलेल्या अंड्यांतून काही बाहेरच आलं नाही. आतून थोडी टकटक झाली आणि थांबली.

टेंबवाडी देवगडच्या खाडीपासून फार लांब नाही. तिथली माणसं कशालाही हसतात, तशी यालाही हसली. तिचा दीर दाजी तेवढा हसला नाही, कारण वयनीने ते पिल्लू ओंजळीतून आणून नेमकं त्याच्या चहाच्या कपासमोर ठेवलं होतं. पिल्लू दाजीकडे टक लावून बघत मागे मागे गेलं आणि टेबलावरून पडलं.

"बघितलात, भावजीनू? ह्या तुमच्या औषधाचा काम."

"माज्या औषधाचा? माजा औषध आंब्याक. तुज्या कोंबड्यांनी कलमाबुडी जावन मेलेले तुडतुडे खावचे, असा मी आवतान दिलंय काय?"

"कोंबडी खंय चरतली मगे? माडार?"

दाजीने कप उचलला आणि चहात पीस दिसलं म्हणून खाली ठेवला.

आता दाजी म्हणजे कोण, हे सांगायला हवं. दाजी म्हणजे औषधाचा माणूस. बाटलीचं झाकण उघडून नुसत्या वासावर तो सांगायचा, हे तुडतुड्याचं, हे भुरीचं, आणि हे दुकानदाराने पाणी घातलेलं. त्याच्या अंगावर डास बसत नसे, आणि चुकून बसलाच तर उठत नसे. पण त्याची खरी कला होती चिकटपणाची. औषधात तो एक चिकट द्रव अशा हाताने मिसळायचा की पानाला लागलेला थेंब अवकाळी पावसालाही दाद देत नसे. एकदा ओल्या पानावर बसलेली माशी त्या पानासकट पेटीत गेली आणि वाशीच्या बाजारात उतरली, असं तो सांगायचा, आणि ती माशी बघितलेला माणूस दाखवायचीही त्याची तयारी होती.

पण आंब्याच्या कलमांच्या बागेत अर्धा वाटा वयनीचा होता. थोरला भाऊ वारला तेव्हा देवासमोर ठरलं होतं, वयनीच्या होकाराशिवाय बागेत काही करायचं नाही. इतकी वर्षं ती "बरा" म्हणायची आणि दाजी फवारणीचा पंप उचलायचा. यंदा मोहोर फुटला, मोहोरावर तुडतुडे आले, कान लावला तर त्यांची टुरटुर ऐकू यायला लागली, आणि वयनी म्हणाली, "नाय."

"नाय म्हणजे?"

"नाय म्हणजे नाय. आधी माज्या कोंबड्यांक काय झाला ता कळूक होया. अक्षयाक बोलवलंय."

अक्षया म्हणजे वयनीच्या बहिणीची मुलगी. कणकवलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि शेतातल्या औषधांनी प्राण्यांच्या जनुकांची मोडतोड होते का, यावर तिचं संशोधन चाललं होतं. ती स्कूटरवरून आली, पाठीला पिशवी, पिशवीत सुया आणि काचपट्ट्या. मावशीशी मालवणीत बोलली, पण दाजी समोर येताच सरळ पुस्तकी मराठीत शिरली. दाजीनेही शर्टाचं वरचं बटण लावलं.

"कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, काका. अंड्यात बलक असतो ना, तसं समजा. पेशी नवी होताना आतली जनुकं नीट वाटली गेली तर बलक अखंड राहतो. ती तुटली तर तुकडा मागे पडतो. मग मोठ्या बलकाशेजारी एक इवलासा बलक दिसतो. असे तुकडे किती पेशींत आहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं."

"म्हणजे माझ्या औषधाने बलक फुटतो, असं आपलं म्हणणं आहे."

"माझं काहीच म्हणणं नाही. तपासायचंय. एखादा तुकडा निरोगी कोंबडीतही सापडतो. म्हणून तुलनेला औषध न लागलेल्या कोंबड्या हव्यात. त्यांच्यापेक्षा मावशीच्या कोंबड्यांत जास्त निघाले, तरच काही बोलता येईल."

दाजीला हे फार आवडलं. आरोपीला शेजारी दुसरा माणूस उभा करून मिळतो, असा न्याय त्याने कोर्टातही बघितला नव्हता. त्याने तिथल्या तिथे पैज लावली. वयनीच्या कोंबड्यांत त्या दुसऱ्या कोंबड्यांपेक्षा जास्त तुकडे निघाले, तर यंदा बागेत औषध नाही. नाही निघाले, तर तो फवारणार आणि वयनीने पुन्हा कधी तोंड उघडायचं नाही. वयनी म्हणाली, "बरा."

मग औषध न लागलेल्या कोंबड्या शोधायला अख्खी वाडी बाहेर पडली, आणि वाडीच्या लक्षात आलं की तशी कोंबडी वाडीत नाही. ज्याचं कलम नाही त्याची काजू होती, ज्याची काजू नाही त्याच्या शेजाऱ्याचं कलम होतं. शेजारचा जासिंत छातीवर हात ठेवून म्हणाला, "माजी कोंबडी एकदम प्युअर," आणि तेवढ्यात त्याच्या पाठीवरचा पंप ठिबकला. कोणी म्हणालं, रेडीच्या खाणीकडून आणूया. पण तिथल्या कोंबड्या खनिजाच्या धुळीने आतबाहेर तांबड्या, त्यांच्यात रक्त कुठलं आणि धूळ कुठली हे कळायचं नाही, असं दाजीचं मत पडलं.

शेवटी वयनीच म्हणाली, "वडकाराचे कोंबे."

सगळ्यांनी कपाळावर हात मारला. हे आधी कसं सुचलं नाही!

वडकार म्हणजे वाडीचा राखणदार. मोठ्या वडाखाली एक उभा दगड, शेंदराने आणि कसल्याकसल्या थरांनी गुळगुळीत झालेला. नवसाचे कोंबडे त्याच्या नावाने राईत सोडलेले. त्यांना कोणी मारायचं नाही, हाकलायचं नाही, अरे म्हणायचं नाही. ते तिथेच खायचे, तिथेच प्यायचे, राईबाहेर पाऊल टाकत नसत. वागायला जरा वेगळे होते खरे. एक दिवसभर स्वतःच्या सावलीशी भांडायचा, दुसरा झोपण्याआधी कुत्र्यासारखा गोल गोल फिरायचा. देवाचे कोंबडे ते, त्यांचं असायचंच.

वडकाराचे नियम दोन. पहिला, कशाचंही पहिलं ते त्याचं. पहिला आंबा, पहिला बांगडा, पहिल्या धारेची बाटली. वाडीत पहिली मोटारसायकल आली तेव्हा पहिलं लिटरभर पेट्रोल त्याच्या पायावर ओतलं होतं आणि आठवडाभर तिथे कोणाला विडी पेटवू दिली नव्हती. दुसरा नियम, वडकाराला जे दिलं तेच आपण घ्यायचं. देवाला एक आणि घराला एक, हे चालत नाही. वाडीतल्याच परशुरामाच्या आजोबाने एकदा देवाला किडका आंबा ठेवून चांगले विकायला पाठवले होते. त्या वर्षी त्याच्या कलमांना नुसत्या बाठी, म्हणजे कोयी लागल्या. साल नाही, रस नाही, देठाला सरळ बाठ लोंबत होती.

"तिथं औषध कोणी मारत नाही ना?" अक्षयाने सगळ्यांना विचारलं. "नक्की?"

"देवाच्या थळार?" दाजीने कानाला हात लावले. "कोणाची छाती आसा?"

"नाय गो बाय," परशुराम म्हणाला.

"शिव शिव," जासिंतही म्हणाला.

आणि हे सगळे अगदी खरं बोलत होते.

देवाच्या कोंबड्याचं रक्त घ्यायचं म्हणजे देवाचा कौल हवा. मंगेश गुरवाने दगडाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा वडकारा म्हाराजा! ह्या कणकवलीचा शिकलेला चेडू तुज्या कोंब्यांच्या पखाटातलो एक थेंब रगत मागता हा. तेच्या हाताक काप सुटा नये, तेच्या काचेर माशी बसा नये, तेच्या दुर्बिणीत खंयच्या वायटाची सावली पडा नये!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले.

"आणि जो कोण ह्या कामात खोडो घालीत, तेच्या कलमाक पानां येवंदेत, मोहोर येव नको!"

"व्हय म्हाराजा!" यात दाजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग वाट बघायची. वडकाराचा कौल फार सावकाश पडायचा. जुनी माणसं सांगत, पूर्वी देव झटक्यात बोलायचा, आता थकला. लोक पेज घेऊन यायचे, चटया टाकायचे. अक्षयाने झाडाखाली बसून पेपर तपासले. ऊन कलल्यावर एका मुंगळ्याने उजव्या पाकळीला धक्का दिला आणि ती लोंबली. मंगेश म्हणाला, "पडल्यातच जमा."

रक्त घेण्यातही मान होताच. कोंबड्याचे पाय धरायचे परशुरामाच्या घराण्याने, उजवं पखाट, म्हणजे पंख धरायचा दाजीच्या घराण्याने. डावं पखाट कोणाचं यावर वाद झाला, म्हणून ते मोकळंच ठेवलं, आणि ज्याने त्याने त्याचा सडकून मार खाल्ला. कोंबड्याला पळवून पकडायचं नाही, विनंती करायची. दाजी हात जोडून राईभर फिरला. "येवा म्हाराजा, एकच थेंब, मुंगी चावल्यासारख्या होतला." अक्षयाने पंखाखालच्या शिरेतून सुईच्या टोकाने थेंब थेंब घेतला, काचेवर पसरला, वाळवला. वयनीच्या कोंबड्यांचं काम त्या मानाने लवकर उरकलं. उलटं चालणारं पिल्लू धरायला तेवढा वेळ लागला, कारण ते पळालं की पकडणाऱ्याकडेच तोंड करून पळायचं आणि माणसाला वाटायचं, येतंय.

त्यानंतर दाजीला झोप नव्हती. तुडतुडे रोज वाढत होते. खालच्या कलमावर मोहोर काळा पडायला लागला. तो बागेत जाऊन तुडतुड्यांना सांगायचा, "थांबा मेल्यांनो, रिझल येवंदेत."

रिझल्ट घेऊन अक्षया आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. वयनीच्या पडवीत सगळी वाडी जमली.

"मावशीच्या कोंबड्यांत तुकडे आहेत. बरेच आहेत."

वयनीने दाजीकडे बघितलं. दाजीने जमिनीकडे.

"पण वडकाराच्या कोंबड्यांत," अक्षया अडखळली, "त्याहून कितीतरी जास्त आहेत. मी सगळ्या काचा पुन्हा मोजल्या. दुसऱ्या बाईंकडूनही मोजून घेतल्या, कुठली काच कोणाची ते न सांगता. तेच आलं. मला कळत नाही. जिथं औषध नाही तिथं..."

"म्हणजे औषध असलेल्या कोंबड्या बऱ्या!" दाजी उठून उभा राहिला. शर्टाचं बटण तुटून उडालं. "म्हणजे औषधान बलक सांधता! वयनी, आयकलंस? तुज्या कोंबड्यांक मी इतकी वर्सां फुकट औषधपाणी करतंय!"

"असं नाही म्हणता येत, काका."

"तुज्या दुर्बिणीन सांगला ना? मगे?"

मंगेश गुरवाने डोळे मिटले आणि म्हणाला, "देवान गावाची इडापिडा आपल्या कोंब्यांवर घेतल्यान." हे सगळ्यांना पटलं. दोन बायकांनी तिथूनच वडाच्या दिशेने हात जोडले. पैज ती पैज. वयनीने उलटं पिल्लू उचललं आणि ती आत गेली, आणि ती तशी गप्प आत गेली याचं दाजीला जेवढं वाटायला हवं होतं त्यापेक्षा जरा जास्तच वाईट वाटलं. पण तुडतुडे होते ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजायला लागले. दाजीने अक्षयाला बोलावून घेतलं होतं. शिकलेल्या पाहुणीच्या हातून नारळ वाढवायचा, असा त्याचा बेत. ती आली ती विचारातच होती. वडाखाली गर्दी. दाजी नवं बनियन घालून उभा, पाठीवर पंप, पंपाला झेंडूची माळ, नळीला हळदपिंजर. मागे रांगेत वाडीतला प्रत्येक घरवाला, प्रत्येकाच्या पाठीवर आपापला पंप. आणि दगडाभोवती वडकाराचे कोंबडे आधीच येऊन उभे. ढोल ऐकून त्यांनी पंख वर केले होते, पाणी बगलेपर्यंत जावं म्हणून माणूस हात वर करतो तसे.

दाजीने नळी उचलली.

"थांबा!" अक्षया ओरडली, आणि तिची पुस्तकी मराठी तिथेच गळून पडली. "काका, ह्या काय करतास?"

"पयलो पंप."

"कसलो पंप?"

"औषधाचो. हंगामाचो पयलो पंप वडकाराक. तेचो मान."

"तुमी तर सांगलात हंय कोण औषध मारणा नाय!"

"नायच मारणा," दाजी म्हणाला. त्याला तिचा प्रश्नच कळेना. "औषध कोण मारता? ह्यो मान."

गर्दीतल्या एकाही माणसाला यात काही वावगं दिसलं नाही. जासिंत तर समजूत घालायला पुढे आला. "बाय, तसा नाय ता. आमी पण आमच्या खुरसार एक शिंतोडो मारतो. पाद्रीक म्हायत नाय, इतक्याच."

"आणि हे मागचे सगळे?"

"तेंचो पण पयलो पंप. प्रत्येक घराचो आपापलो," दाजी म्हणाला. "माजो पयल्यातलो पयलो."

"तां बघूया," मागून परशुराम म्हणाला.

अक्षया वडाच्या मुळावर खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "म्हणजे वाडीत सगळ्यांत जास्त औषध ह्याच कोंब्यांका लागता. आणि तुकडे ह्यांच्यातच सगळ्यांत जास्त. मावशीच्या कोंबड्यांक त्याच्यापेक्षा कमी, म्हणान तेंच्यात कमी. काका, माजी तपासणी चुकूक नाय. औषध न लागलेले म्हणान जे दिलात, ते चुकले."

एका ढोलवाल्याने चुकून एक ठोका मारला.

"पैज अशी नव्हती," दाजी म्हणाला. आवाज जरा बारीक निघाला. "पैज होती, वयनीच्या कोंबड्यांत ह्यांच्यापेक्षा जास्त निघतले काय. नाय निघाले. मी जिकलंय."

"जिकल्यात," वयनी पुढे आली. "मी काय बोलणा नाय. मारा."

दाजीने नळी रोखली. कोंबडे मान वर करून बघत होते. सावलीशी भांडणारा भांडण थांबवून बघत होता.

"तुजो हात कापता तर माका दी," परशुराम म्हणाला. "ह्यो मान आमचोच. तुज्या आज्यान लाटल्यान."

"हात लावून बघ!"

"मगे मार ना!"

दाजीची पंचाईत अशी की पंप मारला तर कोंबड्यांचा डोळा चुकवता येईना, आणि नाही मारला तर मान परशुरामाकडे. मानासाठी त्याने बागही दिली असती, आणि बागेसाठी तर हे सगळं चाललं होतं.

"कौल लावा," वयनी म्हणाली. "इतकी वर्सां कोणी इचारल्यान? पंप होयो काय नको, तां देवाकच इचारा."

दाजीला सुटका वाटली. वडकाराचा कौल म्हणजे संध्याकाळ. तोवर काहीतरी सुचेल. मंगेशने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, सगळे बसले. ऊन डोक्यावर आलं, पाकळ्या हलेनात. मंगेशने हळूच फुंकर मारली, जी नियमात बसत नाही. पाकळी फडफडली आणि होती तिथेच राहिली.

दाजी न राहवून जवळ गेला. दगडाला नाक लावलं. आणि त्याचं नाक, जे वासावरून बाटली ओळखायचं, त्याने ओळखलं.

त्याचाच चिकट द्रव होता तो. थरावर थर. अवकाळी पावसालाही दाद न देणारा.

देव थकला नव्हता. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटत होत्या! मग परशुरामाची विहीर? कावळा बसला तेव्हा पाकळी पडली आणि तिथे खणलं, अजून पाण्याचा पत्ता नाही. वाडीतल्या सुगंधाच्या सासरचं घर उत्तरेला बांधलं ते? आणि त्याचं स्वतःचं जानकीशी लग्न ठरलं तो कौल? तो चिकट द्रव यायच्या आधीचा की नंतरचा? जानकी समोरच उभी होती. दाजीने तो विचार तिथेच सोडून दिला.

"देवाक न्हाव घाला," तो म्हणाला.

"कित्याक?" परशुरामाने विचारलं.

"घाला म्हणतंय ना! गरम पाणी हाडा. रिठे हाडा. सोडणां हाडा."

कोणाला काही कळलं नाही, पण देवाला न्हाऊ नको कोण म्हणणार? हंडे आले. नारळाच्या सोडणांनी माणसं आळीपाळीने दगड घासायला लागली. आधी पिवळं पाणी आलं, मग पांढरं, मग हिरवट. वासाने वडावरच्या मुंग्या अंडी घेऊन शेजारच्या फणसावर राहायला गेल्या. अक्षयाने ते सगळं पाणी लांब खड्ड्यात वळवून घेतलं. आणि थर निघता निघता दगडाला नाक आलं, मग मिशी आली, मग डोळे आले. हयात माणसांपैकी कोणीच वडकाराला असं बघितलं नव्हतं. ज्याला सगळे म्हातारा म्हणत होते, तो चांगला पंचविशीतला निघाला.

मंगेशने नव्या पाकळ्या लावल्या. "बा वडकारा, औषधाचो पंप..."

डावी पाकळी पडली. वाक्य पुरं व्हायच्या आत.

गुरव मागे सरला. त्याने असला देव पाहिला नव्हता. पुन्हा लावली, पुन्हा डावी पडली.

"मगे मानच बंद?" परशुरामाचा चेहरा उजळला. आपल्याला नाही तर दाजीलाही नाही.

"थांब!" दाजी ओरडला. एवढ्या गडबडीत त्याला अखेर सुचलं होतं. "इचार, पाण्याचो पंप चालात?"

मंगेशने विचारलं. उजवी पाकळी पडली, आणि पाठोपाठ न लावलेली एक वरून वडावरून पडली.

दाजीने ढोलवाल्यांना खूण केली. पंपातलं औषध परत पिंपात ओतलं, पंप विहिरीवर खंगाळला, स्वच्छ पाणी भरलं, माळ पुन्हा घातली आणि वडकाराला नाकापासून पायापर्यंत असं फवारलं की मिशी चमकली. पहिल्यातला पहिला मान राहिला. मागून रांगेने एकेक घर पाण्याचा पंप मारून गेलं. कोंबड्यांनी पंख वर केले, पाणी अंगावर घेतलं आणि एकमेकांकडे बघितलं. काहीतरी कमी पडलंय, असा त्यांचा चेहरा होता.

दाजी मनातून उड्या मारत बागेकडे निघाला. मान राहिला, पैज जिंकली, देवाचे कोंबडे वाचले, आणि पिंपात औषध तयार होतं. एका दिवसात माणसाने आणखी किती मिळवायचं?

बागेच्या बेड्याला, म्हणजे फाटकाला पाठ लावून वयनी उभी होती.

"खंय, भावजीनू?"

"दुसरो पंप माराक. जिकलंय मी, इसारलंस?"

"नाय इसराक. मारा. तुमका कोण अडयता?" ती बाजूला झाली. "पण दुसऱ्या पंपात काय आसा?"

दाजीने पाठीवरचा पंप खाली उतरवला.

वडकाराला जे दिलं तेच आपण घ्यायचं.

मागे सगळी वाडी येऊन उभी राहिली होती. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे परशुरामाच्या आज्याची ती कलमं होती, देठाला नुसत्या बाठी लोंबणारी. परशुरामाला त्या वर्षाची आठवण काढलेली एरवी खपत नसे. आज तोच पुढे झाला. "आमच्या आज्यान केल्यान तां बघलास ना, दाजी? बाठी आपटायच्या एकमेकार, वारो सुटलो की. खट खट खट. रात्री झोप येयनासा."

दाजीने पिंपाला झाकण लावलं. मग त्याने पंप उचलला आणि विहिरीकडे वळला.

त्या हंगामात टेंबवाडीने सगळ्या कलमांवर पाणी मारलं. दाजी सकाळी उठून माळ घातलेला पंप पाठीला लावायचा आणि पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत पाणी मारत जायचा, तेवढ्याच ऐटीत. टेंबवाडीचे तुडतुडे त्या वर्षी अख्ख्या कोकणात सगळ्यांत स्वच्छ होते. आंबा कमी आला, खूपच कमी आला. दाजीचं तोंड महिनाभर पडलेलं होतं आणि जानकी त्याला रोज मोजक्याच पोळ्या वाढत होती. देवगडच्या व्यापाऱ्याने पेटी उघडून वास घेतला, डोळे मिटले, आणि विचारलं, "कुठलं औषध वापरता हो?" दाजीने बाटलीचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि सवयीने वडाच्या दिशेने बोट दाखवत तो म्हणाला, "वडकार." व्यापाऱ्याला ते नव्या कंपनीचं नाव वाटलं असावं.

अक्षया पावसाळ्यानंतर पुन्हा येऊन वडकाराच्या कोंबड्यांचं रक्त घेऊन गेली. आताशी सुरुवात आहे, म्हणाली, दोनतीन वर्षं थांबायला लागेल, मध्येच कोणी औषधाचा मान देऊ नका. दाजीने तिला कौल लावायला मंगेशकडे पाठवलं. मंगेश आता कौल लावायलाच घाबरतो. पाकळी दगडाला टेकते ना टेकते तोच पडते, आणि पुष्कळदा विचारायला आलेल्या माणसाला अजून प्रश्नही ठरवायचा असतो.

उलटं पिल्लू मोठं झालं. चांगला उंच तांबडा कोंबा झाला, वयनीने त्याला वडकाराच्या नावाने सोडला. आता देवाच्या दारातून परतताना माणसाने पाठ दाखवू नये, हे टेंबवाडीत लहानपणापासून शिकवतात, आणि चार पावलं गेल्यावर सगळे विसरतात. हा कोंबा विसरत नाही. वडकाराकडे तोंड करून, मान जराशी झुकवून, मागे मागे चालत तो एकटाच राईबाहेर पडतो आणि दाजीच्या बेड्यापर्यंत येतो. दाजी पाण्याचा पंप घेऊन निघालेला असतो. कोंबा जाईपर्यंत दाजी थांबतो, पायातली चप्पल काढतो, आणि मग आत शिरतो.